सोलापुरात नव्याने आलेल्यांसाठी मंडई आणि स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीकडची. एकोणीस वर्षांपूर्वी बदलीच्या निमित्ताने सोलापुरात आले आणि इथलीच झाले. तेव्हापासून बँकेत, रेल्वेत, कॉलेजात बदलून आलेली कुटुंबं, दुबईहून किंवा अमेरिकेहून दोन-चार महिन्यांसाठी आई-वडिलांकडे राहायला आलेली मुलं-सुना माझ्याकडे तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाजी नेमकी कुठे घ्यायची? मॉलमधल्या दुकानापलीकडे आम्हाला काहीच माहीत नाही.

जुन्या गावात लक्ष्मी मंडई आणि बाळीवेशीजवळची कस्तुरबा मंडई या दोन जागा आधी पाहून घ्या. पूर्व भागात राहत असाल तर सत्तर फूट रोडचा बाजार जवळ पडेल. विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोड या बाजूला संध्याकाळी रस्त्याकडेला भाजीवाल्या बसतात, रोजच्या भाजीला तेवढ्या पुरतात. किराणा, मसाले आणि भांडी यांसाठी मधला मारुती परिसर. मंगळवारचा बाजार एकदा तरी पायी फिरा, पिशवी रिकामी राहिली तरी चालेल. कोणत्या ऋतूत हे शहर काय खातं ते तिथे एका फेरीत कळतं.

हैदराबाद रोडवरची श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती हे घाऊक ठिकाण आहे. पहाटे सौदे होतात, माल गोणीने आणि कॅरेटने जातो. चार घरांनी मिळून घ्यायचं असेल तरच तिकडे जा.

२. किती वाजता जावं?

पालेभाजीसाठी सकाळी, आठच्या आत. मार्च ते मे हे पक्कं धरा, कारण तेव्हा पारा ४० च्या वर जातो आणि दहानंतर मेथीची पेंडी हातात घेतली तरी मान टाकते. संध्याकाळी सातनंतर भाव उतरतो, पण तेव्हाचा माल त्याच रात्री शिजवायचा असतो. वांगी, गवार, दोडका, कांदे-बटाटे संध्याकाळी घेतले तरी बिघडत नाही.

३. 'वाटा', 'पेंडी', 'पावशेर' म्हणजे किती? विचारायला संकोच वाटतो.

संकोच नको, सगळेच विचारतात. पेंडी म्हणजे जुडी. वाटा म्हणजे पोत्यावर आधीच मांडून ठेवलेला ढीग: टोमॅटो, मिरच्या, लिंबं, काकड्या अशा वाट्यावर मिळतात. वाट्याला वजन नसतं, तो डोळ्यांनी घ्यायचा. खालचा थर पाहायचा असेल तर "मावशी, जरा उलटून बघू का?" असं विचारून बघा, न विचारता ढिगाऱ्यात हात घालू नका. पावशेर म्हणजे आता सरळ पाव किलो. लिंबं घाऊक घेतली तर शेकड्यावर. खेड्यातून आलेल्या एखाद्या आजी कडधान्य अजूनही मापट्याने देतात, तिथे भावाआधी माप किती मोठं आहे ते पाहा.

४. आम्हाला मराठी जेमतेम येतं, आणि बाजारात तर कन्नड-तेलुगूही ऐकू येतं. निभावेल का?

नक्की निभावेल. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत नांदतात. विणकामासाठी आलेले पद्मशाली तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडून येणाऱ्या शेतकरी बायका कन्नड. बहुतेकींना चारही भाषांत भाव सांगता येतो. "अक्का" ही हाक मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत चालते, त्यामुळे ती बिनधास्त वापरा. वयाने मोठ्या मावशी, पुरुषांना मामा किंवा अण्णा. कन्नडमध्ये "एष्टु?" आणि तेलुगूत "एंत?" म्हणजे "केवढ्याला?". पुरे झालं म्हणायला कन्नडमध्ये "साकु". तेलुगूत "चालु" म्हणजे पुरे. हे लक्षात ठेवा, कारण मराठी कानाला ते उलटं वाटतं आणि आपण आणखी भरत राहतो.

५. घासाघीस करायची का?

फळांच्या गाड्यावर थोडी चालते. पालेभाजी घेऊन जमिनीवर बसलेल्या बाईशी करू नये असं माझं ठाम मत आहे. ती पहाटे चारला उठून पेंड्या बांधून एसटीने आलेली असते. दोन रुपये कमी करण्यापेक्षा दर आठवड्याला तिच्याकडेच जा. महिन्याभरात ती तुमच्यासाठी कोवळा माल बाजूला ठेवू लागेल, कढीपत्ता आणि कोथिंबिरीच्या चार काड्या न मागता पिशवीत टाकेल.

६. ज्वारी घ्यायची आहे, पण दुकानात पाच प्रकार असतात. कोणती?

भाकरीसाठी रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. त्यातली मालदांडी मागा. मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतूनच निवडलेलं 'एम ३५-१' हे वाण आजही या भागात घरोघरी नावाने ओळखलं जातं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. तिथल्या काळ्या, खोल जमिनीत दाणा हिवाळ्याच्या ओलाव्यावर आणि दवावर भरतो, आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. दाणा टपोरा, मोत्यासारखा चकचकीत आणि पिवळसर पांढरा हवा. मूठभर घेऊन नाकाशी न्या: कुबट वास आला तर सोडून द्या. काळपट तोंडाचे दाणे दिसले तर माल पावसात भिजलेला आहे. खरिपाची संकरित ज्वारी स्वस्त असते, पण तिच्या भाकरीला ती गोडी नाही.

नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येते. वर्षाची घ्यायची असेल तर एप्रिलमध्ये घ्या, दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या डब्यात कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह भरा. गरम धान्य डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि किडे होतात. चौघांच्या घरात रोज भाकरी होत नसेल तर वर्षाचं भरू नका, दर महिन्याला पाच किलो पुरे.

७. भाकरी थापताना तुटते. आम्ही काय चुकतो?

या प्रश्नाचे सर्वांत जास्त निरोप येतात, म्हणून सविस्तर सांगते. मीही पहिले तीन महिने तुटक्या भाकऱ्या केल्या आहेत. भाताच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे हाताने शिकावंच लागतं.

पहिलं कारण जुनं पीठ. ज्वारीच्या पिठाची विरी आठ-दहा दिवसांत जाते आणि मग ते चिकटून राहत नाही. दळण थोडं थोडं आणा. गिरणीत सांगायचं, "ज्वारीवर ज्वारी टाका, बारीक दळा."

दुसरं कारण पाणी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, तो गरम पाण्याने आणावा लागतो, कारण गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो. पीठ ताजं असेल तर कोमट पाणी पुरतं, जुनं असेल तर चक्क उकळतं आधण घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा, मग मळा.

तिसरं कारण मळणं. सगळ्या पिठाचा एकदम गोळा करून ठेवू नका. एका भाकरीचं पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेने काटवटीत किंवा परातीत रगडून रगडून मऊ करा. दोन मिनिटं तरी. मग खाली कोरडं पीठ भुरभुरून बोटांनी कडेकडेने थापत फिरवा. तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर यायला हवी. तिच्यावर लगेच ओला हात फिरवा, पाणी सुकण्याआधी उलटा, दुसरी बाजू नीट भाजू द्या आणि शेवटी जाळावर फुगवा. पाणी तव्यावरच वाळलं तर भाकरीला भेगा पडतात. पाणी लावायचं राहिलं तर ती कोरडी होते.

पहिल्या महिन्यात छोट्याच करा, बशीएवढ्या. हात बसला की आकार आपोआप वाढतो.

८. कडक भाकरी घरी होते का, की विकतच घ्यायची?

होते, पण वेळ लागतो. पातळ थापायची, भाजून झाल्यावर मंद तव्यावर कापडाने दाबत पूर्ण कोरडी करायची, नाहीतर चुलीच्या कडेला उभी टेकवून ठेवायची. ओलावा राहिला तर चार दिवसांत बुरशी येते. शहरात कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका आणि बचत गट भरपूर आहेत, पहिल्यांदा त्यांच्याकडूनच आणा. ज्वारीची आणि बाजरीची दोन्ही मिळते. मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे. खायची पद्धत म्हणजे गरम आमटीत किंवा दुधात चुरून, नाहीतर शेंगा चटणी आणि दह्याबरोबर.

९. शेंगा चटणी मिक्सरमध्ये केली तर कोरडा कूट होतो. बाजारातल्यासारखी तेलकट कशी करायची?

सोलापूरची शेंगा चटणी कुटायची असते. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते कुटण्याच्या दाबाने बाहेर येतं, मिक्सरच्या पात्याने नुसता चुरा होतो. दोन वाट्या दाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं तरी, सगळीकडून डाग पडेपर्यंत भाजा. निम्म्या दाण्यांची सालं काढा. दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ. आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट कुटा, मग दाणे थोडे थोडे घालत खलबत्त्यात कुटत राहा. चटणी हाताला ओलसर लागली आणि मुठीत दाबल्यावर गोळा धरू लागली की झाली. वरून तेल घालायचं नाही.

खलबत्ता नसेल तर मिक्सर क्षणभर फिरवून थांबवा, हलवा, परत फिरवा, असं दहा-बारा वेळा. चव जवळपास येते. पुरण्याची बाब अशी की ओल्या लसणामुळे ही चटणी बाहेर पंधरा दिवसांच्या पुढे ठेवू नये. प्रवासाची वेगळी, ती प्रश्न १७ मध्ये.

१०. काळं तिखट म्हणजे गोडा मसाला का? विकतचं चालेल?

नाही. गोडा मसाला पुण्याच्या आमटीचा, त्यात गोडसर झाक असते. काळ्या तिखटात मिरचीच मुख्य, तिच्याबरोबर धने, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल आणि खडे मसाले गडद भाजून. वांग्याची भाजी, शेंगांची आमटी, मटण, सगळं यावर चालतं. इथल्या घरांत मार्च ते मे या काळात वर्षाचं होतं. मिरच्या निवडून, वाळवून कांडपाला न्यायच्या. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी गुंटूर किंवा लवंगी मिसळायची. कोकणातून किंवा परदेशातून आलेल्यांनी ब्याडगी जास्त ठेवावी, घराच्या मंडळींना सवय होईपर्यंत. विकतचं घेतलंत तर पाव किलोच घ्या: जुन्या काळ्या तिखटातल्या खोबऱ्याला खवट वास लागतो आणि तो भाजीत लपत नाही.

११. तूरडाळ तास-तास शिजत नाही. डाळच वाईट आहे का?

बहुतेक वेळा डाळ चांगली असते, पाणी जड असतं. अनेक सोसायट्यांत बोअरचं पाणी वापरतात, आणि त्यातल्या चुन्यासारख्या क्षारांमुळे डाळीचा दाणा घट्ट राहतो. नळाला इथे रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यातलं दोन कळशा स्वयंपाकासाठी वेगळं झाकून ठेवा, किंवा आरओ गाळणी यंत्राचं पाणी डाळीला वापरा. अर्धा तास भिजवा. चिंच, टोमॅटो आणि आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच, आंबटाने डाळ अडते. एवढं करूनही शिजली नाही तर डाळ जुनी आहे, दुकान बदला. बार्शी आणि दुधनी ही तुरीची मोठी बाजारपेठ हाताशी आहे, चांगली डाळ मिळायला इथे अडचण नाही.

१२. पालेभाज्या ओळखूच येत नाहीत. कुठून सुरू करू?

अंबाडीपासून करा. कन्नड बायका तिला पुंडी म्हणतात, तेलुगू घरांत तीच गोंगुरा, आणि तिन्ही घरांत ती वेगळी शिजते. म्हणून भाजीवालीलाच विचारा, "तुमच्याकडे कशी करतात?" मला आवडणारी पद्धत: पाला उकडून आंबट पाणी थोडं काढून टाका, शिजवलेली तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटा, वर लसणाची भरपूर फोडणी. भाकरीबरोबर खाताना कच्चं करडईचं तेल.

चुक्याची पानं मऊ आणि आंबट, दाणे आणि हरभराडाळ घालून होतात. करडईचा पाला अगदी कोवळा असतानाच घ्या, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. नंतर पानाला काटे येतात. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर नैसर्गिक आंब असते, तीच त्याची चव, म्हणून तो खळखळून धूत बसू नका, निवडून एकदाच पाण्यातून काढा. घोळ, तांदुळजा, चाकवत, राजगिरा, पाथरी हे पुढच्या महिन्यांसाठी. वसंतात तेलुगू वस्तीत चिंचेचा कोवळा पाला विकायला येतो. तो दिसला तर सोडू नका, डाळीत अप्रतिम लागतो.

१३. दहा किलो कांदा स्वस्तात घेतला आणि महिन्यात सडला. फसवलं का?

फसवलं नाही, हंगाम चुकला. सोलापूर बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत जो लाल कांदा गाड्यांनी येतो तो खरिपाचा. त्यात पाणी जास्त, साल पातळ, तो दोन-तीन आठवड्यांत संपवायचा. साठवायचा तो उन्हाळी कांदा, मार्च-एप्रिलनंतर येतो, मान वाळलेली, साल जाड आणि फिकट. तो हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार-पाच महिने टिकतो. बटाट्याशेजारी आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोणताच कांदा ठेवू नका.

१४. इथली फळं कोणती आणि कधी?

डाळिंब इथलं मोठं पीक. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागातलं 'भगवा' जातीचं मागा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. पिकलेलं डाळिंब गोल गुळगुळीत नसतं, बाजू किंचित चपट्या होतात, हाताला जड लागतं. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं, त्यातलं लांबट 'सोनाका' जवळच्या नान्नजचं वाण. पाऊस सरताना सीताफळ. थंडीत बोरं. उन्हाळ्यात आंबा बाहेरून येतो. हापूसची आठवण येणाऱ्यांनी केसर खाऊन पाहावा, त्याची गोडी वेगळी आहे.

१५. आम्ही मासे खाणारे. इथे काय करायचं?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. पापलेट, सुरमई बर्फातून येतात. कल्ले लाल आणि डोळे फुगीर असतील तरच घ्या. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत त्यांचा नादच सोडा. उजनी धरणाच्या पाण्यातले मासे मात्र ताजे मिळतात: चिलापी, रोहू, कटला, मरळ, वांब. चिलापीला मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, गोड्या पाण्याचा वास जातो. मग काळ्या तिखटाचं पातळ कालवण. खोबरं-तिरफळाचा अट्टहास या माशाला मानवत नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं.

मटणासाठी उस्मानाबादी शेळीचं विचारा, ती याच पट्ट्यातली जात आहे. रविवारी पहाटेच रांग लागते. श्रावणात आणि सोमवारी शेजारच्या घरांचा विचार करून स्वयंपाक करावा, सोलापूरचा सोमवार ग्रामदैवत सिद्धेश्वराचा.

१६. डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला आहे. ज्वारी खातो, तरी त्रास होतो. का?

ज्वारीत ग्लुटेन नाही, पण गिरणीत असतं. तुमच्या आधी त्याच जात्यावर गहू दळला असेल तर तुमच्या पिठात तो उतरतो. "ज्वारीवर ज्वारी" (प्रश्न ७) चवीपुरतं ठीक, ग्लुटेनच्या आजाराला पुरेसं नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच दळू नका. दुसरी लपलेली जागा हिंगाची: बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर वाचा. बाहेरच्या धपाट्यांतही बहुधा कणीक असते, विचारल्याशिवाय खाऊ नका. आणि गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, शेजारून प्रेमाने आली तर आजाराचं स्पष्ट सांगा. इथली माणसं रागावत नाहीत, दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कण्या घेऊन येतात.

१७. मुलगी परदेशात आहे. तिच्यासाठी काय नेता येईल?

कडक भाकरी, शेंगा चटणी, जवसाची आणि कारळ्याची चटणी. चटणीचा लसूण आधी कोरडा भाजून घ्या म्हणजे ओल राहत नाही, जाड पिशवीत हवा काढून बंद करा, मोठ्या सामानात ठेवा. वर मराठीबरोबर इंग्रजीतही घटक लिहा. ताजी फळं, भाज्या, अख्खं बियाणं, दूध-दही आणि मांस नेऊ नका. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. जाहीर केलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते, लपवलं तर दंड होतो. ज्वारीचं पीठ नेण्याआधी त्या त्या देशाचा नियम तपासा, आणि नेलंच तर थोडं न्या. विरीचं कारण प्रश्न ७ मध्ये दिलंच आहे.

१८. संक्रांतीच्या आठवड्यात आणि वेळ अमावस्येला बाजाराचं काय?

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीच्या आसपास असते. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीच्या मार्गावर गाडी नेता येत नाही, त्यामुळे जड खरेदी ११ जानेवारीच्या आत करा. भोगीच्या सामानासाठी मात्र आदल्या दिवशी सकाळीच जा: हरभऱ्याचे सोले, पावटा, गाजर, वांगी, बोरं, ओल्या शेंगा सगळं एकाच भाजीवालीकडे मिळतं, वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरी करा.

वेळ अमावस्या डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी शेतकरी घरं शेतात जेवतात, म्हणून भाजीवाल्या कमी असतात. दोन दिवस आधी भज्जीसाठी, म्हणजे त्या दिवशीच्या मिश्र भाजीसाठी, लागणाऱ्या पालेभाज्या आणि ओली कडधान्यं मंडईत भरून येतात. कोणी शेतात जेवायला बोलावलं तर नक्की जा. भज्जी, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील घरी कितीही नीट केली तरी शेतासारखी लागत नाही. त्याच दिवसांत हुरडाही सुरू होतो. गुळभेंडी किंवा कुचकुची जातीचा विचारा, गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला गरम गरम हातावर चोळून खायचा. मंडईतून कोवळे दाणे आणलेत तर तव्यावर मीठ टाकून परता आणि त्याच दिवशी संपवा, रात्रीतून दाणा निबर होतो.